पडोळे काकूंच्या गोधड्या

पडोळे काकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या हातात भली मोठी कैची घेऊन.

शहराच्या टोकाला हुडकेश्वरला प्लॉट पाडून नवी वस्ती झाली होती, त्या ले-आउटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. अर्धी खोकी अजून उघडायची होती. दार वाजलं म्हणून उघडलं, तर समोर एक उंच, हाडकुळी, साठीला आलेली बाई. पदर कमरेला खोचलेला, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हातात शिंप्याकडे असते तशी काळ्या मुठीची जड कैची.

"मी बाजूच्या घरची, पडोळे. हे तुमच्या घरी ठेवू देता का जी?"

मी कैचीकडे पाहिलं.

"माह्या घरी ठेवता येत नाही. पोरगी आजारी हाये. मी दुपारी येत जाईन, तुमच्या टेबलावर कापड कापीन, खालचं झाडून घेईन अन् जाईन. बोलून तरास देणार नाही."

मी हो म्हटलं. पुढे त्यांनी सगळं दिल्या शब्दाप्रमाणे केलं, एक बोलण्याचं सोडून.

काकू गोधड्या शिवायच्या. रोडवरच्या शिंप्यांकडून, बुटिकवाल्या बायकांकडून त्या कतरन आणायच्या. ब्लाउजपिसांचे उरलेले कोपरे, कुर्त्यांच्या बाह्यांखालचे तिरके तुकडे, पडद्यांच्या पट्ट्या. त्यांचे चौकोन आणि त्रिकोण कापून, एकमेकांना जोडून, आत जुन्या सुती साड्यांचे थर घालायचे आणि वरून हाताने बारीक धावदोरा. घरात मशीन होती. पण मशीनवरची गोधडी अंगावर पत्र्यासारखी वाजते, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे थंडी येते आणि जाते, गोधडीचे दिवस थोडे. तरी बाळंतिणीसाठी, लग्नात द्यायला, परगावी शिकायला निघालेल्या पोरांसाठी लोक त्यांच्याकडे यायचेच.

कापताना त्या कापडाशी बोलत. "सरक न बावा तिकडं." "तू कायले एवढं सुळसुळ करून राहिलं?" सिंथेटिक कापडाचा त्यांना मनापासून राग. ते कैचीखालून निसटलं की त्याला शिव्या बसत, आणि त्या शिव्या ऐकून माझी सासू आतल्या खोलीत हसायची. प्रत्येक तुकड्याला मालकीण असे. "हे डॉक्टरीणबाईच्या पोरीचं. तिनं तीन येळा माप बदललं, कारण जेवण सुटत नाही अन् बारीक व्हाचं हाये." चहा बशीत ओतून प्यायच्या. आणि कापता कापता मधेच हात थांबवून, मान वाकडी करून ऐकत राहायच्या.

काय ऐकतात ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग लक्षात आलं, की त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रेडिओ चालू असतो. कोणीतरी सारखं स्टेशन बदलायचं. अर्धं गाणं, अर्धी बातमी, पुन्हा गाणं. स्टेशन बदलत राहिलं तर काकू कापत राहायच्या. एकच स्टेशन फार वेळ चालू राहिलं की कैची टेबलावर आपटून तशाच धावत घरी जायच्या.

रेडिओ बदलणारी त्यांची मुलगी, संध्या.

संध्या तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. कॉलेजात हुशार होती, वक्तृत्वात बक्षिसं मिळवायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा परीक्षेतून उठून आली आणि म्हणाली, पेपरातले प्रश्न मलाच शिव्या देतात. तिथून सुरू झालं. काकूंचं माहेर कुहीकडचं. तिकडच्या नातेवाइकांनी आधी बाहेरची बाधा ठरवली. वडील ड्रायव्हर होते, ते तिला घेऊन सांगतील तिथे हिंडले. डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला आणि त्याच हिंडण्यात वडीलही खचले आणि वारले. मोठा भाऊ प्रशांत पुण्याला नोकरीला लागला. घरात उरल्या दोघी.

गोळ्यांनी संध्याचं ओरडणं थांबलं होतं. पण एका दुपारी काकू न्हाणीत असताना तिने कैची घेऊन स्वतःचे केस मुळापासून कापले, आणि केसांबरोबर कानाची पाळीही. काकू बाहेर आल्या तेव्हा ती आरशापुढे शांत बसली होती. म्हणाली, "माय, आता आवाज कमी येते." त्यानंतर कैची त्यांच्या घरात राहिली नाही.

कापायचं आमच्याकडे आणि जोडायचं त्यांच्याकडे, असं ते काम चाले. एकदा मी डबा द्यायला गेले तर दोघी फरशीवर बसल्या होत्या. समोर कापलेल्या तुकड्यांचे ढीग. काकू एक चौकोन ठेवायच्या, मग संध्या पुढचा निवडायची. बराच वेळ लावायची. काकूंना कशाची घाई असेलसं वाटत नव्हतं. एरवी त्या चालतानाही पळाल्यासारख्या चालत.

"हे ठेवू का वं संध्ये?" काकूंनी एक पिवळा तुकडा पुढे केला.

"नको. तिथं पिवळं हाये. दोन पिवळे भांडतात."

"मग?"

"मधात कोणी तरी बसव न." आणि तिने एक करडा, कोणाच्याही नजरेत न भरणारा तुकडा मधे ठेवला. खरंच, गोधडी तिथे शांत दिसायला लागली.

काकू माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाहतलं? हे अक्कल मले नाही." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी पुन्हा फार कमी वेळा पाहिला.

एका दिवाळीच्या आधी प्रशांतने पुण्याहून मोठं पार्सल पाठवलं. त्यात आधीच कापलेल्या चौकोनांची पाकिटं होती. कडा यंत्राने कातरलेल्या, एका पाकिटात एकाच जातीचे रंग, सगळे एकमेकांना जुळणारे. आईचे कष्ट वाचावेत, लोकांच्या घरी जाऊन कापत बसावं लागू नये, हा त्याचा हेतू. वाईट मुलगा नव्हता तो.

मला वाटलं, आता काकू यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी हजर. बरोबर कतरनीचं बोचकं.

"काकू, तयार तुकडे आले ना?"

"आले न. चांगले हायेत. संध्यानं जोडाले घेतले बी."

"मग?"

काकूंनी कैची उचलली, बोटं मुठीत घातली आणि कापडाकडे बघत म्हणाल्या, "तुकडे कापाले थोडीच येतो मी, अनिता. तिथून उठाले येतो."

मी चहा ठेवायला आत गेले.

मग ते प्रदर्शन. शहरातल्या एका महिला मंडळाच्या बाईंनी काकूंची गोधडी कुठेतरी पाहिली आणि त्यांना स्टॉल दिला. काकूंचं मन नव्हतं. संध्याने हट्ट धरला. "मी चांगली राहीन माय." निळी साडी नेसली, पावडर लावली. मी बरोबर गेले. पहिला तासभर इतका चांगला गेला की माझा विश्वास बसेना. संध्या स्टॉलमागे ताठ उभी राहून लोकांना सांगत होती, हा तुकडा इथे का आणि तो तिथे का. वक्तृत्वातली मुलगी कुठूनतरी परत आली होती. काकू स्टुलावर बसून, तोंडाला पदर लावून नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात एक बाई थांबली. भारी पर्स, बरोबर नवरा. "अगं, तू संध्या पडोळे ना? आपण एकाच वर्गात होतो! ओळखलं नाहीस? तू एकदम गायबच झालीस की! मग काय करतेस आता? मुलं किती?"

बाईच्या मनात काही नव्हतं. पण संध्याचा चेहरा विझत गेला. तिने वळून मागे टांगलेली मोठी गोधडी खाली ओढली, फरशीवर बसली आणि दाताने दोरा धरून उसवायला लागली. फर्रकन. एक चौकोन सुटला, मग दुसरा. ती काहीतरी पुटपुटत होती. माणसं जमली. एकाने मोबाइल वर केला, मग दोघातिघांनी. मंडळाच्या बाई "अहो, त्यांना आवरा कोणीतरी" म्हणत होत्या.

काकू स्टुलावरून उठल्या. मला वाटलं, तिला धरतील, ओढून नेतील. त्यांनी पदर खोचला, लेकीशेजारी मांडी घातली, गोधडीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि त्याही उसवायला लागल्या. मोबाइल धरलेल्या पोराकडे मान वर करून बघितलं.

"पाहून काय राहिला गा? आमची गोदडी हाये. आमी शिवली, आमी उसवून राहिलो."

पोराने मोबाइल खाली घेतला. गर्दी पांगली. दोघी मायलेकी तिथे बसून, एका थंडीचं काम, टाका टाका करून उसवत राहिल्या. बऱ्याच वेळाने संध्याचा हात थांबला. ती म्हणाली, "माय, घरी चाल." आम्ही तुकडे पिशवीत भरले आणि ऑटो केला.

त्यानंतर काकूंच्या बोलण्यात एकच विषय राहिला. माह्यामागं हिचं काय?

प्रशांत म्हणायचा, मी आहे ना. पण त्याच्या दोन खोल्यांच्या घरात लहान मुलगी होती, आणि सुनेला भीती वाटायची. काकू सुनेला कधी वाईट बोलल्या नाहीत. "मले बी भेव वाटलंच असतं," म्हणायच्या. मग कुहीजवळच्या गावातला काकूंचा धाकटा भाऊ म्हणाला, आमच्याकडे ठेवून पहा. मोकळं घर, धानाची शेती, माणसं भरपूर. काकू संध्याला सोडून आल्या. त्या आठवड्यात त्या आमच्या टेबलाशी यायच्या, पण कापड तसंच पडून राहायचं. भिंतीपलीकडे रेडिओ नव्हता, तरी मान वाकडी करून ऐकायच्या.

आठवड्याने भेटायला म्हणून गेल्या आणि त्याच दिवशीच्या परतीच्या बसने संध्याला घेऊन आल्या. दुसऱ्या दुपारी मला सांगितलं.

"भाऊ चांगला हाये. भावजय बी वाईट नाही. त्याइच्या पोरीले पाहाले पाहुणे आले होते. म्हणून हिले धानाच्या खोलीत ठेवली. पंखा होता. ताट वाढून ठेवलं होतं, गोड बी होतं त्यात. फक्त कडी बाहेरून."

"मग?"

"मी कडी काढली. पोत्यावर बसून होती. ओरडत नव्हती, काही नाही. मले पाहून म्हणते, माय, मी काय केलं?"

काकू कापडाची एक पट्टी बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मी आता देवाले एकच मांगतो, अनिता. हे पोरगी माह्या आधी गेली पाहिजे. एक दिवस आधी. तिले पोचवून येतो, मग मले ने म्हणतो."

"काकू, असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? तू सांग, मी तसं बोलतो."



पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या भागात डेंग्यूच्या तापाची साथ आली. घरोघरी कोणी ना कोणी पडलेलं. संध्या दोन-तीन दिवस निजून होती. गोळ्यांनी ती तशीही पुष्कळ झोपायची. आणि तिची एक गोष्ट होती, शरीराचं दुखणं ती कधी बोलायची नाही. कान कापला गेला तेव्हाही ती रडली नव्हती. काकूंनी कपाळाला हात लावला तेव्हा ताप उतरला होता, म्हणून त्यांना बरं वाटलं. उतरल्यावरच तो ताप दगा देतो, हे त्यांना माहीत नव्हतं. दुपारी त्या आमच्याकडे आल्या, थोडं कापलं, ऐकलं. रेडिओ एकाच स्टेशनवर होता. त्या धावत गेल्या.

दवाखान्यात सगळे उपाय झाले. रक्त चढवलं, प्रशांत विमानाने आला. संध्या दुसऱ्या सकाळी गेली.

अंगणात तिला ठेवलं होतं. ले-आउटमधली माणसं, कुहीहून आलेले नातेवाईक. काकू रडत नव्हत्या. त्या घरात गेल्या आणि चालू कामातली गोधडी घेऊन बाहेर आल्या. होत आली होती, एका कडेचा धावदोरा फक्त राहिला होता. त्यांनी ती संध्याच्या अंगावर घातली आणि पायापाशी नीट खोचली.

एक म्हातारे नातेवाईक पुढे झाले. हळूच, समजुतीने म्हणाले, "बाई, हे चालत नाही. शिवलेलं कापड लावत नसतात. कोरं लागते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "शिवलेलं नाही चालत?"

"नाही न बाई."

"थांबा मग. उसवतो."

आणि त्या तिथेच, तिरडीशेजारी बसून गोधडी उसवायला लागल्या. दाताने दोरा तोडायच्या, नखाने टाका ओढायच्या. त्यांचा टाका फार बारीक असे. तो लवकर सुटत नव्हता. "थांबा जी, होऊन राहिलं. थोडं थांबा." माणसं उभी होती. ऊन चढत होतं. शेवटी प्रशांत खाली वाकला, आईचे हात धरले, बोटं एकेक करून सोडवली. गोधडी बाजूला घेतली. पांढरं कापड टाकलं गेलं. संध्याला नेलं, आणि काकू अंगणात बसून हातात राहिलेल्या चार-सहा टाक्यांच्या दोऱ्याकडे बघत राहिल्या.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या तोंडी तेच. सुटली बिचारी. आणि जाताना, आवाज खाली आणून, तुम्ही बी सुटल्या. काकू मान हलवायच्या. सगळे गेल्यावर एकदा मला म्हणाल्या, "मीच मांगतलं होतं."

"काकू, तिला ताप आला होता. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"ताप सगळ्याइले आला. तुह्या सासूले आला, समोरच्या पोट्ट्याले आला. मांगतलं कोणी होतं? मी. अन् पाह, देवानं माहं आजवर काही ऐकलं नाही. ती बरी व्हावी म्हणून किती मांगतलं. हे एक ऐकलं."

काकूंनी त्यानंतर सुई हातात घेतली नाही. शिंप्यांनी सवयीने बाजूला ठेवलेली कतरन तशीच पडून राहिली. एका संध्याकाळी त्या दारात आल्या, आत न येता म्हणाल्या, "कैची दे. आता ठेवता येते घरी." मी आणून दिली. त्यांनी ती पदरात गुंडाळली आणि गेल्या.

थंडीत प्रशांत त्यांना न्यायला आला. घर विकायचं ठरलं. पुण्याला त्या फार काळ राहिल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं त्याने मला फोनवर सांगितलं. त्याचा आवाज फार थकलेला होता.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पुण्याला जाण्याआधी. सासूबाईंच्या डोळ्यांसाठी मी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले होते. कागद घेऊन एका लांब व्हरांड्यातून चालले होते. तिथे मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेर बाकांची ओळ आहे. कोणाची आई, कोणाचा नवरा, कोणाचा हात घट्ट धरून बसलेला भाऊ. त्यांच्यात काकू. धुतलेली साडी, घट्ट अंबाडा, मांडीवर रिकामी पिशवी.

"काकू, तुम्ही इथे? कोणाला घेऊन आलात?"

त्यांनी मला ओळखलं. बाजूला सरकून जागा केली.

"कोणाले नाही. आमचा मंगळवार असे. इतकी वर्षं येत होतो, पाय आपले आपण येतात."

"चला, घरी जाऊ. माझं झालंच आहे."

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "इथं मले कोणी सुटली म्हणत नाही."

आतून नाव पुकारलं गेलं. पुढची बाई मुलाला घेऊन उठली, सगळे एकेक जागा पुढे सरकले, काकूही सरकल्या. मी निघाले. व्हरांड्याच्या टोकाशी वळून पाहिलं. पुन्हा नाव झालं, पुन्हा ओळ सरकली. काकू आता दाराजवळच्या पहिल्या जागेवर आल्या होत्या. दार उघडलं, आतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. काकू उठल्या, साडीच्या निऱ्या नीट केल्या, पिशवी काखेत घेतली, आणि चालत जाऊन ओळीत सगळ्यात शेवटी बसल्या.